एका कडव्याचं पेट्रोल

पेट्रोलची तोटी मोडली ती माझ्याच दारात, गाडी उभी असताना. रस्त्यात खड्ड्यावर आपटून मोडली असती तर निदान रस्त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती. इथं स्टँड मऊ मातीत रुतला, मोटारसायकल हळूच कलली आणि पायरीच्या दगडावर जाऊन टेकली. फार आवाजही झाला नाही. मी बाहेर येईपर्यंत टाकीखालची पितळी तोटी मुळाशी चिरली होती आणि कुपनावर मिळालेलं पेट्रोल मातीत जिरत होतं. मी धावत जाऊन बोटानं भोक दाबलं आणि उकिडवा बसून राहिलो. बोट काढलं तर पेट्रोल जाणार, नाही काढलं तर मी उठणार कसा? हाक मारायला घरात कुणी नव्हतं. शेवटी पाय लांब करकरून अंगणातली बादली ओढून घेतली. त्यात चप्पल तुटली, तिचाही राग मी गाडीवरच काढला.

लढाई संपल्यावर नगरच्या कॅम्पातून लष्कराच्या वापरलेल्या मोटारसायकली विकायला निघाल्या होत्या, त्यातली ही एक. जडशीळ, एका सिलिंडरची, रंग शेवाळी. मी तिला गाडी म्हणत असे, गावातले लोक फटफटी. मी कर्जतजवळच्या एका गावात शाळामास्तर होतो, आणि शाळामास्तराला फटफटी कशाला हवी, असं पुष्कळांना वाटे. काहीजण तोंडावरही म्हणत. मला ती श्रीरामपूरला जायला हवी होती. माझी मुलगी तिथं तिच्या आजीकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, राहत होती.

बायको गेली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. एकट्या पुरुषानं शाळा सांभाळायची, चूल सांभाळायची आणि पोरीची वेणीही घालायची, हे जमणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. मीही मान हलवली. तेव्हापासून महिन्या-दीड महिन्यानं गाडी काढायची, नगरवरून श्रीरामपूर गाठायचं, रविवारच्या उपासनेला मुलीशेजारी बसायचं आणि दुपारी परत फिरायचं, असा माझा क्रम होता. प्रत्येक वेळी ती थोडी उंच झालेली असे आणि पहिला तासभर माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोले. तो तास मला फार जड जाई.

नाताळात सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या सुट्टीत न्या तिला. तितंच साळंत घाला. पोरीनं बापाजवळ ऱ्हावं. माझं काय, म्या हाय आन् न्हाई." मग म्हणाल्या, "पन आदी नीट सांभाळून नेता येतंय का ते बगा."

मुलीनं लगेच विचारलं, "गाडीवर?"

मी म्हटलं, "गाडीवर."

तिला रेल्वेनं नेता आलं असतं. नगरपुढे सर्व्हिस मोटारही होती, कोंबड्या-बकऱ्यांसकट माणसं भरणारी. पण मी गाडीवर म्हटलं होतं, आणि तिच्याजवळ खरं करून दाखवावं अशी माझी गोष्ट ही एवढीच होती. सुट्टी जवळ येत चालली आणि तोटी ही अशी मोडली.

नगरला जाऊन आलो. दुकानदारानं मोडकी तोटी उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत ठेवली. लष्कराच्या गाडीचा सुटा भाग बाजारात नाही, विलायतेहून मागवावा लागेल, केव्हा येईल ते सांगता येत नाही. मी त्याला म्हटलं, "विलायतेहून तोटी येईपर्यंत माझी मुलगी नातवंडं खेळवील." तो हसला. मला मुळीच हसू आलं नव्हतं.

तोटी मिळाली ती गावातच. एका बागाईतदाराच्या विहिरीवर पूर्वी ऑईल इंजिन होतं. ते कायमचं बंद पडून गोठ्यात कडब्याखाली गेलं होतं. त्याच्या रॉकेलच्या टाकीला अगदी तसलीच पितळी तोटी होती. मागायला गेलो तर तो म्हणाला, "घिऊन जा की मास्तर. इंजान कवाच मेलं, तोटीची काय पूजा करू?" आटे थोडे सैल बसत होते. सुताला साबण चोळून ते आट्यांवर गुंडाळलं, तोटी पिळून बसवली. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे मला कॅम्पातल्या एका फिटरनं सांगितलं होतं. एक थेंब गळला नाही. पण आतलं भोक मूळच्या तोटीच्या मानानं बारीक होतं. मूळ भोकातून तुरीचा दाणा गेला असता, ह्यातून ज्वारीचा दाणाही अंग चोरून गेला असता.

आता प्रश्न होता तो हा, की एवढ्या भोकातून येणारं पेट्रोल इंजिनाला पुरेल का?

दुसरा कुणी असता तर त्यानं गाडी काढून पाहिली असती. मी पडलो गणिताचा मास्तर. रविवारी शाळेचं कुलूप काढलं आणि फळ्यासमोर उभा राहिलो. सपाट रस्त्याला एका गॅलनला गाडी किती मैल जाते ते मला माहीत होतं. चढावर, वेग पुरा सोडला तर त्याच्या निम्मेच मैल जाणार, असं धरलं. म्हणजे तासाला किती, आणि त्यावरून मिनिटाला किती. सवयीनं मी प्रत्येक पायरी मोठ्यानं समजावून सांगत होतो आणि मधूनमधून मागं वळून "कळलं का?" असंही विचारत होतो. बाकं रिकामी होती. शेवटी उत्तर निघालं: मिनिटाला तीन औंस. त्याहून कमी आलं तर चढावर इंजिन उपाशी मरणार.

औंस मोजायची सोय घरात होती. बायकोच्या शेवटच्या आजारातली औषधाची बाटली मी टाकली नव्हती. कंपाउंडरनं तिच्यावर कागदाची नागमोडी पट्टी कापून चिकटवली होती, एका खुणेला एक डोस, एक डोस म्हणजे एक औंस. बायको गेली तेव्हा खालचे दोन डोस तसेच उरले होते. ते मी फार उशिरा ओतून दिले. बाटली धुऊन फडताळात ठेवली होती, ती काढली.

राहिलं मिनिट. माझं मनगटी घड्याळ बंद पडलेलं, आणि शाळेच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. पण आमच्या घरात मिनिट मोजायची रीत वेगळी होती. सकाळच्या उपासनेत आम्ही एक गायन म्हणत असू. त्याचं एक कडवं, ध्रुपदासकट, बरोबर एका मिनिटात होतं. बायकोनं हे दवाखान्यातल्या नर्सच्या घड्याळावर ताडून पाहिलं होतं, आणि मग तिनं त्या गायनाला स्वयंपाकघरात कामाला लावलं. तीन कडवी म्हटली की अंडं मऊ उकडलेलं, चौथं म्हटलं की कडक. देवाचं गाणं अंड्याला म्हणतेस, असं मी तिला चिडवत असे. ती म्हणे, अंडीही त्यानंच दिली आहेत. ती गेल्यावर मीही तीन कडवी म्हणूनच अंडी उकडत असे. ती कडक होत. मी कोंबड्यांना दोष देत असे.

तर टाकीत पेट्रोल थोडंच ठेवलं, कारण टाकी भरत आली असली की धार जोरात येते आणि आपली फसगत होते. नळीचं टोक कार्ब्युरेटरच्या उंचीला धरलं, खाली बाटली लावली, तोटी उघडली आणि अंगणात उभा राहून कडवं म्हणायला लागलो. कुठेही कसूर ठेवली नव्हती. कडवं संपताच तोटी बंद केली. पेट्रोल तिसऱ्या खुणेच्या थोडं वरच होतं. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. मला इतका आनंद झाला की मी आणखी एकदा म्हटलं.

कुंपणापलीकडून शेजारच्या म्हातारीनं डोकं वर काढलं. "मास्तर, कोन वारलं वो?"

"कुणी वारलं नाही," मी खेकसलो. "गाणं म्हणतोय."

"आसलं गानं?" ती म्हणाली. "मला वाटलं मयताचं हाय." आणि डोकं खाली गेलं.

मला राग आला. आपलं गाणं म्हातारीला काय कळणार, असं मनात म्हणून मी बाटलीतलं पेट्रोल थेंबही न सांडता टाकीत ओतलं.

ठरल्या दिवशी निघालो. गाडी अशी चालली की काय सांगू. मिरजगाव गेलं, नगर गेलं, विळदचा घाट मी नुसता उतरलो. इंजिनाचा आवाज सुतासारखा सरळ. माझं गणित खाली माझ्या पायांशी चालू आहे आणि मी त्यावर बसलो आहे, असा माझा तोरा होता. श्रीरामपूरला पोहोचलो तेव्हा मुलगी दारातच होती. या खेपेला तो जड तास आलाच नाही. तिनं धावत येऊन गाडीला हात लावला, चटका बसला, हसली आणि म्हणाली, "बाबा, मी कुठं बसायचं?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच सासूबाईंनी सगळी तयारी करून ठेवली होती. मिशनच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर दाईचं काम केलेलं. हात कधी रिकामा नाही आणि तोंडात शब्द मोजके. पेटी रेल्वेनं मागाहून यायची होती. सोबत एक गाठोडं आणि वाटेत खायला भाकरी-चटणी दिली होती. मागच्या कॅरियरवर त्यांनीच गोधडीची घडी करून दोरीनं आवळली, दोनदा हलवून पाहिली. निघताना मुलीच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली. मग मला म्हणाल्या, "हळू न्या," आणि आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबल्या नाहीत, आत गेल्या. मला ते जरा कोरडं वाटलं.

राहुरीपर्यंत सगळं ठीक होतं. मुलगी मागून माझा सदरा दोन्ही मुठींत धरून बसली होती. वाऱ्यात काहीतरी ओरडून विचारायची, मी काहीतरी ओरडून सांगायचो. दोघांनाही एकमेकांचं कळत नव्हतं आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. माझ्या पाठीला कुणाचा तरी ऊबदार भार लागून किती काळ झाला होता, हे मला त्या रस्त्यावर कळलं. गाडी चालवता चालवता माझे डोळे भरून आले. धूळ होतीच, तिच्यावर घालता आलं.

विळदचा घाट लागला आणि पहिल्याच खऱ्या चढावर इंजिन खोकलं. मी मूठ पिळली. जोर येण्याऐवजी आवाज पातळ झाला, दोन आचके बसले आणि गाडी थांबली. थोडं थांबून किक मारली तर लगेच सुरू. शंभरएक पावलं गेली, पुन्हा तोच खोकला, पुन्हा गप्प. टाकीच्या झाकणाचं वाऱ्याचं छिद्र पाहिलं, मोकळं होतं. प्लग पाहिला, ठिणगी चांगली होती. ऊन चढत होतं आणि घाटात बसायला सावली नव्हती. मुलगी गाठोड्यावर बसून माझ्याकडे बघत होती. आपला बाप यंत्रावर चिडतो कसा, हे ती पहिल्यांदाच पाहत असावी.

"पेट्रोल पुरत नसेल," ती म्हणाली.

"पुरतंय," मी म्हणालो. "मी मोजलंय."

"कसं मोजलं?"

बाटली मी पिशवीत बरोबर आणलीच होती. तिला दाखवावं, माझंही समाधान व्हावं, म्हणून नळी सोडवली, बाटली लावली, तोटी उघडली आणि घाटाच्या कडेला उभा राहून कडवं म्हटलं. तिसऱ्या खुणेच्या वर. "पाहिलंस?" मी म्हणालो. "मिनिटाला तीन लागतं, तीनच्या वर येतंय. दोष दुसरीकडे आहे."

ती बाटलीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "पण बाबा, हे गाणं असं नाहीये."

"कसं नाहीये?"

"एवढं हळू नाहीये."

मी पेट्रोल टाकीत परत ओतलं आणि म्हटलं, "बरं, तू म्हण." तिनं उभं राहून, हात मागं बांधून, उपासनेत म्हणतात तसं म्हणायला सुरुवात केली. मी तोटी उघडली. दुसऱ्या ओळीलाच मी मान वर केली. ती चाल तिच्या आईची होती. शब्द एकमेकांना हलकेच पुढं ढकलत चालले होते, ध्रुपदाला श्वास घ्यायलाही थांबणं नाही. आमच्या मिशनच्या देवळात सगळे रेंगाळत, आणि बायको सगळ्यांना आपल्यामागं ओढून नेई. पोरीचं कडवं संपलं. मी तोटी बंद केली. पेट्रोल दुसऱ्या खुणेपर्यंतही आलं नव्हतं.

"तू घाई करतेस," मी म्हणालो.

"मी आईसारखं म्हणते. आजीपण अंड्याला असंच म्हणते." मग ती म्हणाली, "नाताळात तुम्ही अंडं उकडलं होतं ना? तीनच कडवी म्हटली होती. ते कडक झालं होतं. आजी हसली होती."

अंडं खोटं बोलत नाही. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी ते कडवं म्हणत होतो आणि ते रोज थोडं थोडं लांबत गेलं होतं. पुढं ओढणारं कुणी नव्हतं आणि मागं राहिलास असं सांगणारंही कुणी नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं होतं, तिच्यावर मी खेकसलो होतो. माझं एक मिनिट आता दीड मिनिटाहून मोठं झालं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"तुम्ही एवढं हळू का म्हणता, बाबा?"

"एकट्यानं म्हटलं की हळू होतं," मी म्हणालो. त्यानंतर बराच वेळ ती गाडीकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मी तिला तिथंच बसवून, एकटाच गाडीवर बसून वरच्या वळणापर्यंत जाऊन आलो. काय सांगावं, गाडी कुरकुर न करता चढली. ओझं कमी म्हणून मूठ कमी पिळावी लागत होती, तेवढं पेट्रोल त्या भोकातून येत होतं. तोटी एकट्या माणसाला पुरत होती, दोघांना पुरत नव्हती. वळणावर गाडी वळवताना हे माझ्या ध्यानात आलं. खाली पोर गाठोडं मांडीवर घेऊन वर बघत होती, आणि मला तिथून हलावंसं वाटेना.

ती चालत आणि मी ढकलत, असा घाट चढता आला असता. पण पुढं नगर, नगरपुढं मिरजगावकडचा उघडा रस्ता, समोरून वारा, आणि गाडी कुठं मान टाकील त्याचा नेम नाही. तिच्या जागी मोठं माणूस असतं तर गेलो असतो. सासूबाईंचं नाताळातलं वाक्य आठवलं आणि माझा धीर सुटला. मी गाडीचं तोंड फिरवलं. उतारावर तोटी बंद असली तरी चालतं.

श्रीरामपूरला परत आलो तेव्हा दुपार उलटली होती. दार सताड उघडं होतं. सासूबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय पसरून, हात मांडीवर रिकामे. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. चूल थंड होती. सकाळपासून त्यांनी काही शिजवलं नव्हतं, पाण्याचा तांब्याही भरून ठेवलेला तसाच होता. मुलगी उंबऱ्यात उभी राहून हे सगळं बघत होती. मग तिनं "आजी" म्हटलं, आणि म्हातारी दचकून उठली.

"आगं बया! काय झालं? पडलाबिडला का?"

"गाडी चढत न्हाई," मुलगी तिच्याच भाषेत म्हणाली. "बाबांचं मिनिट मोटं झालंय."

सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं, मग तडक चुलीशी गेल्या, काटक्या घातल्या, फुंकर घातली. थोड्याच वेळात त्या मला पिठल्याबरोबर कांदा चालेल का, मिरची तिखट लागेल का, असं विचारायला लागल्या. जेवताना मी सगळी हकिकत सांगितली. अंड्यापाशी आलो तेव्हा त्या हसल्या नाहीत. "त्ये गानं तिच्या आईला मीच शिकिवलं हुतं," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, "मामी, तोटी नीट करून महिन्याभरात पुन्हा येतो. शाळा सुरू व्हायच्या आत." त्यांनी मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटा परत गेलो. घाट गाडीनं बिनतक्रार चढला.

घरी येऊन तोटी काढली आणि तिचं भोक मोठं करायला बसलो. बारीक गोल कानस, हळूहळू, चारी बाजूंनी सारखं. पितळ मऊ असतं. जास्त खाल्लं तर तोटी कायमची गळकी व्हायची, आणि मग विलायत. रोज उन्हं कलल्यावर थोडं घासायचं, बसवायचं, बाटली लावायची आणि कडवं म्हणायचं. मला घासण्यापेक्षा म्हणणंच अवघड जात होतं. पोरीची चाल कानात धरून सुरुवात करायचो, ध्रुपदापर्यंत यायचो आणि आवाज आपोआप खाली बसायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. कुणी ऐकलं असतं तर मास्तर खुळावला म्हटलं असतं. शेवटी ते जमलं. अंड्यावर ताळा घेतला: तीन कडवी म्हटली, फोडलं, पिवळा बलक पातळसर ताटलीत पसरला. त्या दिवशी मी चुलीपुढं बसून ते अंडं भाकरीशी खाल्लं. किती दिवसांनी तसं खाल्लं होतं. चव तीच होती, आणि मला फार वाईट वाटलं.

शाळा सुरू व्हायच्या आत, कबूल केल्याप्रमाणे, मी श्रीरामपूरला गेलो. अंगणात गाडी लावली, मुलीला बोलावलं आणि म्हटलं, "आता तूच मोज." बाटली मी धरली, तोटी तिनं उघडली आणि तिच्या आईच्या चालीनं कडवं म्हटलं. ध्रुपद यायच्या आत तिसरी खूण बुडाली, कडवं संपेतो पाचवीच्या वर आलं. मला वाटलं, पोर आता टाळ्या पिटेल.

तिनं नीट तोटी बंद केली. "आता दोघांना पुरतं?"

"दोघांना पुरून उरतं."

"घाटातपण?"

"घाटातपण. कुठंही."

"म्हणजे आता गाडी वाटेत बंद पडणार नाही."

"नाही."

तिनं घराकडे पाहिलं. आत सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज मात्र आता थांबला होता. मुलगी माझ्याजवळ आली, माझ्या सदऱ्याचं बटण धरलं, आणि मोठी माणसं अवघड गोष्ट बोलतात तशी खाली बघत म्हणाली, "मग तुम्हीच येत जा ना, बाबा. दर रविवारी या. तुम्हाला गाडी आहे. आजीला कोण आहे?"

ती सोबत येणार, राहणार, घरात तिचा आवाज असणार, ह्यासाठीच मी महिनाभर पितळ घासत बसलो होतो. मला तिला म्हणावंसं वाटलं, की पोरी, मला तरी कोण आहे? ते शब्द अगदी जिभेपर्यंत आले. पण आठेक वर्षांच्या पोरीनं त्या दुपारी थंड चूल पाहिली होती आणि ती विसरली नव्हती. मी माझं गाऱ्हाणं पुढं केलं असतं, तर तिला आम्हा दोघांतलं एक निवडावं लागलं असतं. मी म्हटलं, "बरं."

आतून सूप पुन्हा वाजायला लागलं.

जेवून निघालो. मुलगी कोपऱ्यापर्यंत गाडीबरोबर पळत आली. कॅरियरवरची गोधडीची घडी मी सोडली नाही, तशीच राहू दिली. राहुरी गेली, उन्हं उतरायला लागली आणि विळदचा घाट समोर आला. मी मूठ पुरी पिळली. गाडी वरपर्यंत एकसारखी चढत गेली, एकदाही खोकली नाही. ती एकदा तरी बंद पडायला हवी होती. मग मी तोंड फिरवून परत गेलो असतो.